इरावतीबाईंची मोजपट्टी

इरावती कर्वे हे नाव उच्चारले की मराठी वाचकास प्रथम ‘युगान्त’ आठवते आणि मग ‘परिपूर्ती’तील ललितलेख. महाभारतातील माणसांना देव्हाऱ्यातून खाली उतरवून त्यांच्याकडे माणूस म्हणून पाहण्याची दृष्टी त्यांनी आपल्याला दिली. १९६८ साली साहित्य अकादमीने त्या दृष्टीचा सन्मान केला. मराठी शिकविणाऱ्या शिक्षकांच्या पिढ्या त्यांच्या गद्याचे दाखले देत आल्या. हे सर्व रास्तच आहे. परंतु ज्या कामासाठी त्या तीस वर्षे डेक्कन कॉलेजात जात होत्या ते काम ललितलेखनाचे नव्हते. त्या मानवशास्त्रज्ञ होत्या. माणसांच्या डोक्याची लांबीरुंदी, नाकाची ठेवण, उंची, रक्तगट यांची मापे घ्यावयाची आणि त्यांवरून समाजाचा इतिहास वाचावयाचा, हा त्यांचा व्यवसाय होता. लेखिका इरावतीबाई घरोघर पोचल्या; मोजपट्टी हाती घेतलेल्या इरावतीबाईंची ओळख मात्र भारतातील पहिल्या महिला मानवशास्त्रज्ञ या एका गौरवपर वाक्यापुढे सहसा गेली नाही.

२०२४ साली त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि संशोधक थियागो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या बर्लिनमधील दिवसांकडे पुष्कळांचे लक्ष गेले. गौरवाची नवी लाट उठली, आणि तीही अकारण नव्हे. पण गौरवाच्या घाईत एक प्रश्न बाजूला राहिला. ज्या शास्त्राची त्यांनी उपासना केली त्या शास्त्राचे मूळ कशात होते, आणि त्या मुळापासून त्या कितपत सुटल्या? आपल्याकडे थोर माणसाविषयी असा प्रश्न विचारणे म्हणजे त्याची अवहेलना करणे असे मानण्याची चाल आहे. इरावतीबाईंनी ही चाल भीष्म-द्रोणांच्या बाबतीत मोडली. खुद्द त्यांच्या बाबतीत ती पाळण्याचे कारण दिसत नाही.

१५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंज्यान येथे त्यांचा जन्म झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या कंपनीत नोकरीस होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी तिची रवानगी पुण्याच्या हुजूरपागेत झाली. पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी ती लेकीसारखी वाढली, आणि त्या घरातील मोकळ्या विचारांचा व पुस्तकांचा संस्कार जन्मभर टिकला. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन पदवी, मग मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र, एम. ए.साठी प्रबंध चित्पावन ब्राह्मणांवर. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर यांच्याशी विवाह झाला. विधवांच्या शिक्षणासाठी हयात वेचणाऱ्या महर्षींना सुनेने विद्येसाठी जर्मनीस जावे हे पसंत नव्हते. (सुधारकांच्या घरात सुधारणेची हद्द कोठे संपते याचा अभ्यास कोणी केल्यास हे उदाहरण त्यात घालावे.) दिनकररावांनी मात्र पत्नीला जाऊ दिले, एवढेच नव्हे तर पाठविलेच. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८ च्या नोव्हेंबरात तेवीस वर्षे पुरी होण्याच्या आतच इरावतीबाईंनी बोट धरली.

बर्लिनच्या डाहलेम या उपनगरात कैसर विल्हेल्म संस्थेची मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांना वाहिलेली शाखा १९२७ साली उघडली होती. तिचे संचालक प्रा. ऑयगेन फिशर हे इरावतीबाईंचे मार्गदर्शक झाले. या गृहस्थांविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य भागातील जर्मन वसाहतीत, म्हणजे आजच्या नामिबियात, १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो आणि नामा लोकांचा पद्धतशीर संहार झाला. वाळवंटात हाकलून, छावण्यांत कोंडून हजारो माणसे मारली गेली. मेलेल्यांची डोकी जर्मनीतील प्रयोगशाळांकडे पाठविण्यात आली. ती पाठविण्यापूर्वी त्यांवरील मांस काचेच्या तुकड्यांनी खरवडून काढण्याचे काम छावणीतील हेरेरो स्त्रियांकडून करून घेतले गेले. याच वसाहतीत १९०८ साली फिशर गेले, रेहोबोथ येथील मिश्र संततीच्या लोकांची मापे घेतली, आणि १९१३ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहून ख्याती मिळविली. हिटलर सत्तेवर येताच १९३३ साली ते बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९३७ साली ऱ्हाइनलँडमधील मिश्रवंशीय मुलांचे सक्तीने निर्बीजीकरण करण्यात आले, त्या कारवाईला त्यांच्या संस्थेने शास्त्राचा टिळा लावला. त्यांच्यामागून संस्थेच्या संचालकपदी आलेल्या फॉन फेर्शुअर यांचा साहाय्यक मेंगेले आउश्वित्झहून मानवी अवयव संस्थेकडे पाठवीत असे. एवढे होऊनही युद्धानंतर फिशर मानाने जगले आणि १९६७ साली वृद्धापकाळाने वारले.

अर्थात १९२८ साली यातील पुढचे काही घडलेले नव्हते, आणि मराठी तरुणीला ते दिसण्याचे कारण नव्हते. फिशरनी तिला विषय दिला तो कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेचा. युरोपीय माणसाच्या मेंदूचा एक भाग अधिक वाढलेला असतो, म्हणून त्याची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, आणि हे त्याच्या श्रेष्ठ बुद्धीचे लक्षण होय, अशी अटकळ होती. ती मापांनी सिद्ध करावयाची होती. इरावतीबाईंनी युरोपातील आणि युरोपाबाहेरील मिळून १४९ कवट्या मोजल्या. असमानता सगळ्यांत आढळली. वंशाशी तिचा काही संबंध दिसेना. त्यांनी तसे लिहिले. पाहुण्या देशात, कर्जाच्या पैशावर, पदवी ज्याच्या हाती त्याच्या मताविरुद्ध. फिशरनी त्यांना सर्वांत खालची श्रेणी दिली असे चरित्रकार सांगतात. पदवी मिळाली, प्रबंध १९३१ साली छापला गेला.

या धैर्याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. जर्मनीतील नामवंत प्राध्यापक जे लिहावयास तयार नव्हते ते एका परदेशी विद्यार्थिनीने आकड्यांनिशी लिहिले. तथापि याच घटनेला दुसरी बाजू आहे, आणि गौरवलेखांत ती येत नाही. बर्लिनच्या कपाटांत युरोपाबाहेरच्या कवट्या आल्या कोठून? कोणी त्या स्वखुशीने दिलेल्या नव्हत्या. आफ्रिकेच्या वसाहतींत युद्धे झाली, कबरी उकरल्या गेल्या, फाशी दिलेल्यांची धडे ताब्यात घेतली गेली, आणि लष्करी अधिकारी व डॉक्टर यांच्या पेट्यांतून ही शिरे बर्लिनला पोचली. कवटी कोणाची, ती कशी आणली, तिच्या घरच्यांनी काय म्हटले असते, हे प्रश्न त्या काळच्या प्रबंधांचा विषयच नव्हते; इरावतीबाईंच्या प्रबंधाचाही नव्हते. उत्तर त्यांनी प्रामाणिकपणे दिले, पण ज्या टेबलावर ते मांडले त्या टेबलाखाली काय आहे हे पाहिले नाही. जर्मनीने नामिबियाला यांतील काही कवट्या २०११ पासून परत केल्या. वंशजांनी त्या रडत स्वीकारल्या. अंक म्हणून मोजलेली ती माणसे होती हे तेव्हा जगाला दिसले.

परत आल्यावर काही वर्षे इरावतीबाईंनी महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम केले आणि १९३९ साली त्या डेक्कन कॉलेजात आल्या. येथून त्यांचे खरे शास्त्रीय आयुष्य सुरू होते. गुजरातेत लांघणज येथे सांकलियांच्या बरोबर उत्खनन, पुणे विद्यापीठात मानवशास्त्राची उभारणी, १९४७ साली विज्ञान परिषदेच्या मानवशास्त्र शाखेचे अध्यक्षपद, हे टप्पे सर्वज्ञात आहेत. त्यांबरोबर मोजणीही चालूच होती. महाराष्ट्रभर हिंडून, कधी मुलांना सोबत घेऊन, गावोगावच्या निरनिराळ्या जातींच्या माणसांची मापे त्या घेत. डोके मोजण्याची कृती साधी असते. कॅलिपर नावाच्या दोन वाकड्या पायांच्या यंत्राने कपाळापासून मागच्या फुगवट्यापर्यंतची लांबी आणि कानांच्या वरची रुंदी घ्यावयाची. रुंदीला शंभराने गुणून लांबीने भागले की एक अंक मिळतो. शेकडो माणसांचे असे अंक एकत्र केले की जातीजातींची सरासरी निघते. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या संख्याशास्त्राची जोड घेऊन १९५१ साली महाराष्ट्राच्या मापांचा ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला.

त्यातून निघाले काय? येथेही त्यांनी एक मोठी समजूत मोडली. ब्राह्मण म्हणजे एका रक्ताचे, कुंभार म्हणजे एका कुळीचे, हे खरे नाही. चित्पावन, देशस्थ ऋग्वेदी, माध्यंदिन हे शरीरमापांनी एकमेकांपासून दूर आहेत, आणि एका नावाखाली नांदणाऱ्या या जाती मूळच्या वेगवेगळ्या लोकांपासून आलेल्या आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९०१ च्या शिरगणतीत रिस्ले साहेबाने नाक जितके रुंद तितकी जात खालची असा हिशेब मांडला होता. त्या हिशेबाची त्यांनी वासलात लावली. एक समाज फुटून जाती झाल्या हे आपल्या गुरूचे, घुर्यांचे मतही त्यांनी नाकारले. बर्लिनप्रमाणेच पुण्यातही गुरूच्या पुढे मान तुकविली नाही.

आणि तरीही! उत्तर दर वेळी नाही असे आले, पण प्रश्न त्यांनी बदलला नाही. शरीराच्या मापांत जातीचा उगम सापडेल ही मूळ श्रद्धा अखेरपर्यंत टिकली. १९५० साली युनेस्कोने बोलाविलेल्या विद्वानांनी वंश ही जीवशास्त्रापेक्षा समाजाने उभी केलेली कल्पना आहे असे जाहीर केले. त्यानंतरही अठरा वर्षांनी, १९६८ साली, महाराष्ट्रातील सारख्या दर्जाच्या आठ ब्राह्मण गटांची जैविक तुलना करणारा त्यांचा व सहकाऱ्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात कोणालाही उच्चनीच ठरविलेले नाही, हे खरे. पण जात शरीरात शोधावयाची ही सवय एकदा शास्त्राने लावली की ती केवळ शास्त्रज्ञांच्या हाती राहत नाही. सोलापूरकरांना हे निराळे सांगावयास नको. जन्माने गुन्हेगार ठरविलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात डांबून, त्यांची हजेरी घेऊन, बोटांचे ठसे नोंदवून ठेवणारी सेटलमेंट याच शहरात होती. गुन्हा रक्तात उतरतो ही कल्पना तिच्या पायाशी होती. १८७१ चा तो कायदा देशभरातून १९५२ च्या ऑगस्टमध्ये गेला, पण त्या वस्तीला अजून सेटलमेंट म्हणतात. इरावतीबाईंचा या कायद्याशी संबंध नव्हता, त्यांच्या मापांनी कोणी गुन्हेगार ठरला नाही. परंतु माणसाचे कूळ पाहून त्याचा स्वभाव सांगणारे राजकारण आणि माणसाचे डोके पाहून त्याचे कूळ सांगणारे शास्त्र ही एकाच शतकाची अपत्ये होत, आणि दुसऱ्याची उपासना करणाऱ्याने पहिल्याकडे पाहिले पाहिजे होते, एवढी अपेक्षा गैर नाही.

येथे नेहमीचा आक्षेप येईल: आजच्या मापाने कालच्या माणसाला मोजू नये. मग कालच्याच मापाने मोजू. जर्मनीतच जन्मलेल्या फ्रान्झ बोआस यांनी अमेरिकेत स्थायिक झालेल्यांच्या हजारो मुलांची डोकी मोजून, एका पिढीत परिस्थितीने डोक्याचा आकार बदलतो, हे १९१२ च्या सुमारासच दाखविले होते. इरावतीबाई शाळेत असताना, १९१६ साली, कोलंबिया विद्यापीठात एका महाराष्ट्रीय विद्यार्थ्याने निबंध वाचला. जातीचे मर्म वंशात नसून बेटीबंदीत आहे, आणि बेटीबंदी राखण्यासाठी स्त्रीवर सत्ता गाजवावी लागते, असे त्यात दाखविले होते. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात बाबासाहेबांनी घुर्यांनी दिलेली नाकांची मापेच घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात हे दाखविले आणि मापांचा विषय तेथेच मिटविला. मोजण्यासारखी गोष्ट नाक नव्हे, हे त्यांना कळले होते. इरावतीबाईंच्या हाताशी हे सर्व होते.

मोजपट्टीने जे समाजचित्र दिले तेही तपासण्याजोगे आहे. १९६१ च्या ‘हिंदू सोसायटी’ या ग्रंथात जातिसमाज वेगवेगळ्या तुकड्यांच्या गोधडीसारखा दिसतो: निरनिराळे लोक आले, शेजारी शेजारी राहिले, कोणी कोणाला मिटविले नाही. चित्र मोहक आहे. पण गोधडीतले सगळेच तुकडे वरच्या बाजूस येत नाहीत. शेजारी राहणाऱ्यांपैकी कोणी पाणवठ्याबाहेर का ठेवला गेला, याचे उत्तर मुळांची भिन्नता सांगून मिळत नाही. ते सत्तेत आणि जमिनीत शोधावे लागते. १९५३ च्या नातेसंबंधांवरील त्यांच्या विख्यात ग्रंथाचे नाव भारताचे आहे, पण आराखडा मुख्यतः हिंदू घरांचा व जुन्या ग्रंथांचा; मुसलमान कुटुंबाला त्यात कडेलाच जागा आहे.

आणि आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. ‘वाटचाल’ या लेखात इरावतीबाई दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आहेत. तो लेख ज्याने वाचला त्याला त्यांच्या मनाचा मोठेपणा कळतो. एकाच वाटेने, एकाच विठ्ठलाकडे, तेच अभंग म्हणत जाणाऱ्या बायका जेवायला मात्र जातीजातीने वेगळ्या बसतात हे त्यांना सलले. दोन्ही पंगतींत त्या बसल्या. याच लेखात महाराष्ट्राची एक नवी व्याख्या त्यांना सापडली: ज्या देशाची माणसे पंढरीला जातात तो महाराष्ट्र. ही व्याख्या पुढे फार लोकप्रिय झाली, भाषणांतून तर ती अजून ऐकू येते. पण ज्या पंढरीवरून ही सीमा आखली तिच्या देवळाच्या आत १९४७ पर्यंत अस्पृश्यांना पाऊल टाकता येत नव्हते. त्यासाठी साने गुरुजींना मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. चोखोबा शतकानुशतके पायरीपाशीच थांबले होते. आणि पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्याच्या मुख्य शहरातच ही व्याख्या तोकडी पडते. सोलापूरची निम्मी माणसे संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत असतात. तेलुगू बोलणारा पद्मशाली विणकर नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ ओढतो. कन्नड घरे आहेत, उर्दू घरे आहेत. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या या सगळ्यांनी हे शहर उभे केले, आणि त्यांतला पुष्कळ भाग पंढरीच्या वाटेवर कधी चाललेला नाही. ते महाराष्ट्राबाहेरचे काय?

हे सर्व अधिक टोचते ते इरावतीबाई मुळात आंधळ्या नव्हत्या म्हणून. खांडववनाच्या कथेत कृष्ण-अर्जुनांच्या पराक्रमाऐवजी जिवंत जाळलेले प्राणी आणि अरण्यवासी पाहणारी लेखणी त्यांचीच होती. जमीन हवी म्हणून केलेला तो संहार त्यांनी झाकला नाही. मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९६९ साली, कन्या जाई निंबकर यांच्यासह त्यांनी कोयना धरणाने उठविलेल्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली आणि पुनर्वसनाच्या नावाखाली काय झाले ते सरकारच्या तोंडावर सांगितले. येथे त्यांनी डोकी मोजली नाहीत, घरे व शेते मोजली, आणि माणसांना विचारले. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. या शेवटच्या कामाची वाट त्यांनी वीस वर्षे आधी धरली असती तर मराठी समाजशास्त्राचा चेहरा वेगळा झाला असता, असे माझे मत आहे.

आज कॅलिपर संग्रहालयात गेले. त्याची जागा थुंकीच्या नमुन्याने घेतली आहे, आणि आपल्या जातीचे रक्त कोणत्या खंडातून आले हे सांगणारे लेख सुशिक्षित मंडळी मोठ्या हौसेने एकमेकांना पाठवितात. विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना इरावतीबाईंचा बर्लिनचा प्रबंध शिकवावा, अवश्य शिकवावा. पण त्यासोबत फिशरचे चरित्र, कवट्यांचा प्रवास आणि आंबेडकरांचा १९१६ चा निबंध हेही ठेवावे.

२०१४ साली डाहलेममध्ये, त्या जुन्या संस्थेच्या जवळच, विद्यापीठाच्या बांधकामावरील मजुरांना जमिनीत मानवी हाडे सापडली. पुढील खोदकामात मिळून सुमारे १६ हजार तुकडे निघाले. स्त्रिया, पुरुष आणि मुले मिळून निदान ५४ माणसांचे. काही तुकड्यांवर सरसाचे आणि खुणांचे अवशेष होते, म्हणजे ती एके काळी कोणाच्या तरी संग्रहात होती. ही हाडे कोणत्या वंशाची हे ठरविण्यासाठी आणखी चाचण्या करता आल्या असत्या. ज्यू, सिंती-रोमा आणि आफ्रिकी वंशाच्या जर्मन नागरिकांच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय झाला, आणि त्या चाचण्या करावयाच्या नाहीत असे ठरले. २३ मार्च २०२३ रोजी, कोणत्याही धर्माचे चिन्ह न ठेवता, लाकडी पेट्यांतून त्यांचे दफन करण्यात आले.